नृत्यरचना शिकताना इम्प्रोव्हायझेशन: नवख्यांचे नेहमीचे प्रश्न

नव्या तुकडीचा इम्प्रोव्हायझेशनचा पहिला तास सुरू झाला की काहीजण सुटल्यासारखे खोलीभर पळतात आणि काहीजण भिंतीला चिकटून राहतात. तास संपल्यावर चपला घालता घालता दोघेही विचारतात ते मात्र एकच: "हे बरोबर होतं का?" खालचे बरेचसे प्रश्न तसे, चपला घालतानाच विचारले गेलेले आहेत. इम्प्रोव्हायझेशन हा शब्द तोंडाला मोठा पडतो, तालमीत सगळे नुसतं 'इम्प्रोव्ह' म्हणतात. मीही तेच म्हणणार आहे.

इम्प्रोव्ह म्हणजे मनाला येईल तसं नाचायचं ना?

नाही. मनाला येईल तसं नाचायला शिकवणी लागत नाही, तीन वर्षांचं पोर ते आपल्यापेक्षा झकास करतं. इम्प्रोव्हमध्ये हालचाल ठरलेली नसते, पण अट ठरलेली असते. उदाहरणार्थ, पुढची तीन मिनिटं उजवं कोपर पुढारी. ते जाईल तिकडे बाकीच्या शरीराने जायचं. कोपर वर जाणार की मागे, झटकन की रेंगाळत, त्यापायी तुम्ही खाली बसणार की गिरकी घेणार, हे सगळं त्या त्या क्षणी ठरतं. अट मात्र मोडायची नाही.

अशा एका किंवा तीन-चार अटींच्या जुळणीला नाचाच्या जगात 'स्कोअर' म्हणतात. पाश्चात्त्य संगीतातल्या लिहिलेल्या स्वरलिपीचा हा शब्द आहे, क्रिकेटशी त्याचा संबंध नाही. हे सांगावं लागतं, कारण एका विद्यार्थ्याने "आजचा स्कोअर काय?" या माझ्या प्रश्नाला खरोखरच धावसंख्या सांगितली होती.

मला कोरिओग्राफर व्हायचंय. नाच बसवायचा तर तो ठरवूनच बसवणार ना? मग हे कशाला?

रचनेला कच्चा माल लागतो म्हणून. खुर्चीत बसून डोक्यात हालचाली जुळवायला गेलं की डोकं आधी कुठेतरी पाहिलेल्याच हालचाली पुढे करतं. शरीराला काम दिलं की ते निदान अधूनमधून तरी असं काही काढतं, जे डोक्याला सुचलं नसतं. मग त्यातलं काय ठेवायचं हे डोक्याने ठरवावं.

दुसरं कारण तालमीतलं आहे. उद्या तुमच्यासमोर सहा नर्तक उभे असतील आणि तुम्ही "जरा वेगळं काहीतरी करा ना" म्हणाल, तर ते एकमेकांकडे बघत राहतील. त्यांना काय सांगितलं की हालचाल निघते, हे ज्याने स्वतः अटी घेऊन तास घालवलेत त्यालाच कळतं. जर्मन नृत्यरचनाकार पिना बाउश १९७३ मध्ये तिथल्या वुपर्टाल शहराच्या नृत्यसंस्थेची प्रमुख झाली. पुढे तिने आपल्या नर्तकांना प्रश्न विचारून रचना करायची पद्धत बसवली. प्रश्नाचं उत्तर कुणी हालचालीत द्यायचं, कुणी शब्दांत, कुणी छोट्याशा प्रसंगात. त्या ढिगातून निवडून, जोडून, फिरवून प्रयोग उभा राहायचा. नाव तिचं लागलं, कारण प्रश्न तिचे आणि निवड तिची.

आपल्या शास्त्रीय नृत्यात हे असतं का?

भरपूर असतं, फक्त नाव वेगळं आहे. कथकमध्ये 'उपज' म्हणतात. तबल्यावर ठेका, जोडीला लेहरा, म्हणजे फिरून फिरून वाजणारी एकच धून, १६ मात्रांचं त्रितालाचं आवर्तन फिरत असतं आणि नर्तक तिथल्या तिथे काहीतरी उचलून समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर आणतो. तिहाईचंच बघा, म्हणजे एकच तुकडा तीनदा घेऊन समेवर संपवण्याचं. ५ मात्रांचा तुकडा, १ मात्रा थांबा, पुन्हा ५, पुन्हा १, पुन्हा ५. बेरीज १७. म्हणजे समेपासून उचललं तर शेवटचं पाऊल बरोबर पुढच्या समेवर पडतं. हे गणित पायात मुरलेलं असतं, म्हणून वरच्या तुकड्याशी खेळायची मुभा मिळते. ताल हीच तिथली अट.

अभिनयातही तेच. भरतनाट्यमच्या वर्णम या लांबलचक रचनेत गाण्याची एकच ओळ पुन्हा पुन्हा गायली जाते आणि नर्तिका दर वेळी तिचा नवा पदर उलगडते. बालसरस्वती (१९१८–१९८४) यांच्या अभिनयाची ख्याती बरीचशी या ऐन वेळच्या विस्तारामुळे होती. उदय शंकर यांनी १९३०च्या दशकाच्या अखेरीस अल्मोड्याला जे केंद्र काढलं, तिथे इम्प्रोव्हायझेशन हा शिक्षणाचाच भाग होता. तेव्हा ही परदेशातून आलेली नवी टूम आहे असं कुणी म्हणालं, तर वाद घालत बसू नका, अल्मोड्याचं नाव घ्या.

एक फरक मात्र ध्यानात ठेवा. उपजेत शब्दसंग्रह ठरलेला असतो: पायांचे तत्कार, हातांचे हस्तक, चक्कर. रचनेसाठी इम्प्रोव्ह करताना पुष्कळदा तो शब्दसंग्रहच बाजूला ठेवायला सांगितलं जातं, आणि दहा-बारा वर्षं शास्त्रीय शिकलेल्यांची तिथे पंचाईत होते. हात उचलला की पताका, म्हणजे सरळ जुळलेल्या बोटांची मुद्रा, आपोआप होतो. होऊ दे. पुढच्या वेळी मुठी वळून नाचा, म्हणजे होणार नाही.

सुरुवात केली की काहीच सुचत नाही. डोकं रिकामं होतं. काय करू?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

मी पहिल्यांदा वर्गापुढे एकटी उभी राहिले तेव्हा मला पाच मिनिटं दिली होती. चाळीसेक सेकंदांत माझ्याकडचं सगळं संपलं. दोन गिरक्या, एक उडी, हात वर, हात खाली. मग मी घाबरून गुडघ्यांवर बसले आणि लाकडी जमिनीच्या फटीतून बोट फिरवू लागले. एक फट संपली की दुसरी. एका फळीला खिळ्याचं डोकं वर आलं होतं, त्याला वळसा घातला. बोट लांब गेलं तसं खांदा ओढला गेला, मग कंबर, मग मी आडवी झाले आणि बोटामागे सरपटत भिंतीपर्यंत पोचले. मला वाटलं, झाली फजिती. नंतर वर्गातल्या सगळ्यांनी त्या सरपटण्याबद्दलच बोलायला सुरुवात केली, गिरक्या कुणालाच आठवत नव्हत्या.

गिरक्या घेताना मी 'आता काय करू' याचा विचार करत होते. बोट फिरवताना माझं लक्ष फटीवर होतं. सुचण्याची वाट बघणं सोडा आणि लक्ष द्यायला एक वस्तू, एक जागा, एक अवयव पकडा. एवढंच तंत्र आहे, बाकी सगळे व्यायाम म्हणजे या लक्षाला काम देण्याच्या निरनिराळ्या युक्त्या.

अगदी पहिला व्यायाम म्हणून मी स्टीव्ह पॅक्स्टन या अमेरिकन नर्तकाचा 'स्मॉल डान्स' देते. नुसतं उभं राहायचं. पाय खांद्यांइतके दूर, गुडघे ताठ न करता, डोळे मिटून, पाच ते दहा मिनिटं. आपण स्थिर उभे आहोत असं वाटतं, पण तोल सांभाळण्यासाठी घोटे, पोटऱ्या, पाठ सतत बारीक बारीक दुरुस्त्या करत असतात. त्या बघायच्या. वजन टाचेकडे सरकलं, पुढे आलं, डाव्या तळव्याच्या बाहेरच्या कडेवर गेलं. तुम्ही काहीही न करता नाच चालूच आहे. "सुचत नाही" म्हणणाऱ्याला यापेक्षा मोठा दिलासा माझ्याकडे नाही. दहा मिनिटांनी डोळे उघडा आणि त्यातलीच एखादी हालचाल थोडी मोठी करा. झाली सुरुवात.

दुसरा, खुर्चीचा. खुर्ची घ्या, तिच्यावर बसायचं सोडून काहीही करा. पहिली दोन मिनिटं विनोदी जातात, मजा तिसऱ्या मिनिटाला सुरू होते. मग खुर्ची काढून घ्या आणि ती तिथेच आहे असं समजून तेच परत करा.

तासाला दर वेळी त्याच त्याच हालचाली येतात. कंटाळा आलाय.

कंटाळा येतोय म्हणजे तुम्हाला त्या दिसू लागल्यात, हे बरंच आहे. तीन मिनिटांचा व्हिडिओ काढा, बघा आणि आपल्या पाच सवयी कागदावर लिहा. माझी यादी अशी होती: डावीकडेच गिरकी, श्वास घेतला की हात वर, जमिनीवर जाताना उजवा गुडघा आधी, नजर तिरकी खाली, आणि शेवट नेहमी हळू. आता रोज एका सवयीवर बंदी. आज उजवीकडेच फिरायचं. उद्या शेवट झटक्यात. पाची एकदम बंद करू नका, जागच्या जागी खिळून जाल.

बंदीखेरीज चार कळा आहेत: वेग, उंची, दिशा आणि हालचाल कुठून निघते ती जागा. तीच गिरकी, पण ८ आकड्यांऐवजी ३२ आकड्यांत. तीच, पण गुडघ्यांवर. तीच, पण प्रेक्षकांकडे पाठ करून. तीच, पण खांद्याऐवजी नितंबाने सुरू केलेली. यातली एखादी कळ फिरवली की जुनी हालचाल ओळखू येत नाही.

आणि पाचातल्या एका सवयीला जीवदान द्या. लोक पुढे ज्याला तुमची शैली म्हणतील, ती बहुधा त्या यादीतच कुठेतरी बसलेली असते.

सुरुवातीला कुठली तंत्रं शिकावीत?

तीन पुरेत. ती नीट हाताळलीत तर वर्षभर पुरतील.

पहिलं हालचालींचा अभ्यासक रुडॉल्फ लाबान (१८७९–१९५८) याचं. त्याने हालचालीची जात ओळखायला वजन, वेळ, अवकाश आणि ओघ असे चार घटक धरले. ओघ तूर्त बाजूला ठेवू. वजन जड किंवा हलकं, वेळ झटक्याची किंवा लांबवलेली, अवकाशात वाट सरळ किंवा वळणावळणाची. दोन गुणिले दोन गुणिले दोन, अशा आठ मूळ क्रिया निघतात. जड, झटक्यात, सरळ म्हणजे ठोसा. जड, लांबवून, सरळ म्हणजे दाबणं. जड, लांबवून, वळणाने म्हणजे पिळणं. जड, झटक्यात, वळणाने म्हणजे सपकारा. हलक्या बाजूला टपली, टिचकी, सरकणं आणि तरंगणं. दार ढकलायची एकच साधी क्रिया घ्या आणि आठही प्रकारे करा. पिळत ढकललेलं दार आणि टिचकीने ढकललेलं दार यांत दोन वेगळी माणसं दिसतात, पात्र उभं करायला न जाताही. बहुतेकांना यातल्या दोन-तीन क्रिया अंगाला सोप्या जातात आणि एखादी अजिबात जमत नाही. न जमणारी कुठली ते शोधा. माझी सपकारा होती. हात फेकायची भीती वाटायची.

दुसरं अमेरिकन नृत्यरचनाकार ट्रिशा ब्राउनचं. १९७५च्या 'लोकस' या रचनेसाठी तिने स्वतःभोवती एक अदृश्य घन कल्पिला आणि त्यात २७ बिंदू ठरवले. इंग्रजीची २६ अक्षरं २६ बिंदूंना आणि सत्ताविसावा बिंदू शब्दांमधल्या मोकळ्या जागेला. मग स्वतःबद्दलचा एक मजकूर घेऊन त्यातल्या अक्षरांच्या क्रमाने शरीर त्या त्या बिंदूंकडे न्यायचं. देवनागरीत हे करायचं तर मी अशी वाटणी करते: क पासून म पर्यंतची २५ व्यंजनं २५ बिंदूंना, य पासून ज्ञ पर्यंत उरलेल्या सगळ्यांना मिळून सव्विसावा, आणि छातीसमोरचा मधला बिंदू मोकळ्या जागेला. काना-मात्रा सोडून द्या, स्वरांचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा. आता आपलं नाव लिहा. बिंदूंचा क्रम अक्षरांनी ठरवून दिला, पण 'न'च्या बिंदूला हाताने शिवायचं, गुडघ्याने, की नुसतं नजरेने, हे तुमचं. 'क'चा बिंदू डाव्या पायाशी आणि 'म'चा उजव्या कानामागे असेल तर मधली वाट कशी काढायची, तिथे खरा नाच होतो. नाव आवडत्या माणसाचं घेतलं तर चाल बदलते का, हेही बघा.

तिसरं नृत्यरचनाकार विल्यम फॉर्सिथचं. त्याने आपल्या नर्तकांसाठी तयार केलेली इम्प्रोव्हची साधनं १९९९ मध्ये सीडी-रॉमवर प्रसिद्ध झाली. छोट्या छोट्या चित्रफितींत तो करून दाखवतो आणि त्याच्या हालचालींवर पांढऱ्या रेषा उमटत जातात. त्यातला गाभा साधा आहे: हवेत रेषा आणि बिंदू कल्पायचे आणि त्यांच्याशी व्यवहार करायचा. दोन्ही तळहातांमध्ये एक काठी आहे असं समजा. ती फिरवा, वाकवा, तिच्यावरून पाय टाका, तिला जागेवर सोडून स्वतः तिच्या खालून निघा. काठी तुम्हाला खरंच दिसू लागली की बघणाऱ्यालाही दिसते.

फासे टाकून किंवा नाणं उडवून हालचाली ठरवतात, तेही इम्प्रोव्हच का?

नाही, आणि ही गल्लत फार होते. अमेरिकन नृत्यरचनाकार मर्स कनिंगहॅमने १९५१च्या 'सिक्स्टीन डान्सेस'पासून नाणेफेकीसारख्या योगायोगाच्या पद्धती रचनेत आणल्या. पण कौल लागायचा तो तालमीच्या आधी. एकदा क्रम ठरला की नर्तकांनी तो काटेकोर शिकायचा. म्हणजे हे रचनेचं तंत्र झालं, रंगमंचावर तिथे ऐन वेळचं फारसं काही नसतं. तरी शिकून ठेवा. इम्प्रोव्हमधून आठ तुकडे निघाले आणि त्यांचा क्रम लागत नसेल, तर चिठ्ठ्या टाका. जो क्रम तुम्ही जन्मात लावला नसता तोच कधीकधी चालून जातो.

संगीत लावावं का?

पहिले काही आठवडे बंद. संगीत लावलं की नवखा माणूस त्याच्या मागे मागे जातो, ठोका आला की पाऊल, सूर चढला की हात वर. शांततेत स्वतःचा श्वास आणि पावलांचा आवाज ऐकू येतो आणि लय कुठून काढायची ते कळतं. नंतर लावा, पण मुद्दाम उलटं वागायला. जलद संगीतावर सावकाश नाचा. एकच इम्प्रोव्ह तीन वेगळ्या संगीतांवर करा आणि कशात काय दिसतं ते टिपून ठेवा.

आरशासमोर केलं तर चालेल?

नको. आरसा असला की आपण बाहेरून बघतो, आतून काय होतंय ते सुटतं. इस्रायली नृत्यरचनाकार ओहाद नाहरीनच्या 'गागा' पद्धतीच्या तासांना आरसे नसतात ते उगाच नाही. खोलीतला आरसा काढता येत नसेल तर चादर टाका किंवा पाठ करा.

छान काहीतरी निघतं, पण दुसऱ्या दिवशी आठवत नाही. त्यातून नाच कसा बसवायचा?

विसरणारच. त्यासाठी कॅमेरा आहे. फोन कोपऱ्यात लावा, संपूर्ण शरीर चौकटीत येईल इतका लांब. तीन मिनिटांच्यावर एक फेरी नको, नंतर बघवत नाही. चित्रण लगेच बघू नका, घाम सुकेपर्यंत थांबा. नुकतं नाचून झालेलं असताना आपल्याला तेच आवडतं जे करताना मजा आली, आणि बघणाऱ्याला मजा येणारी जागा पुष्कळदा भलतीच असते.

बघताना आवाज बंद ठेवा आणि पाच ते दहा सेकंदांच्या फक्त तीन जागा निवडा. तीनच. मग त्या व्हिडिओवरून स्वतःच्याच हालचाली शिका, दुसऱ्या कुणाच्या शिकाव्यात तशा.

इथे हमखास एक अडचण येते. शिकून घेतलेली हालचाल निर्जीव वाटते. आकार तोच, वेळ तीच, पण काल जी जान होती ती गेली. विद्यार्थी हताश होऊन म्हणतात, "इम्प्रोव्हमध्येच बरं होतं." काल तुमचं लक्ष कामावर होतं, फटीवर, कोपरावर, काठीवर. आज लक्ष आकारावर आहे. म्हणून वहीत प्रत्येक तुकड्यासमोर आकाराबरोबर काम लिहा. माझ्या वहीतल्या नोंदी अशा असतात: "डावा हात मागे, मान वळते. काम: मागे कुणीतरी उभं आहे, त्याला न बघता अंतर मोजायचं." तालमीत हात कुठे हे पाचदा घोटा, आणि नाचताना मात्र अंतर मोजा. दुसऱ्या नर्तकाला तो तुकडा शिकवताना कामही शिकवा, नाहीतर तो तुमची नक्कल करील.

तीन तुकडे हाती आले की जोडायचे कसे? एक सोपा साचा ट्रिशा ब्राउनच्याच १९७१च्या 'अक्युम्युलेशन'चा आहे. आधी १. मग १, २. मग १, २, ३. दर वेळी पहिल्यापासून सुरू करून एक नवीन जोडायचं. पाठांतर आपोआप होतं, आणि पहिलीच हालचाल सातव्यांदा आली की तिचा अर्थ बदललेला असतो. जोडणीसाठी नव्या हालचाली शोधू नका. पहिल्या तुकड्याचा शेवट आणि दुसऱ्याची सुरुवात यांमध्ये नुसतं चालत जा. चालणं बहुतेक वेळा पुरतं.

जोडीदाराबरोबर करायला भीती वाटते. कुणाच्या अंगावर वजन कसं टाकायचं?

एकदम टाकायचंच नाही, हळूहळू ओतायचं. कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हायझेशन हा प्रकार १९७२ मध्ये स्टीव्ह पॅक्स्टनने सुरू केला. त्याआधी ओबर्लिन कॉलेजात 'मॅग्नेशियम' नावाच्या प्रयोगात त्याने विद्यार्थ्यांबरोबर गाद्यांवर पडणं, आदळणं, घरंगळणं करून पाहिलं होतं. त्यातून पुढे जे रुजलं ते दोन शरीरांच्या स्पर्शबिंदूचं ऐकणं. पाठीला पाठ लावून उभे राहा. दोघांनी थोडं थोडं वजन मागे द्या, इतकं की एकजण बाजूला झाला तर दुसरा डगमगेल. आता तो बिंदू घरंगळू द्या, पाठीवरून खांद्यावर, खांद्यावरून दंडावर. हाताने पकडायचं नाही. पकडलं की दुसऱ्याचा सुटायचा मार्ग बंद होतो, आणि पडताना मार्ग मोकळा हवाच.

सुरू करण्याआधी तोंडाने बोलून घ्या: कुठे दुखतंय, कुठे हात लागलेला चालणार नाही. कुणीही, कधीही, कारण न सांगता थांबू शकतो. अंगठ्या, घड्याळ, कानातलं काढा, नखं कापा. "कलेत एवढं काय" असं म्हणून कुणी नकाराची थट्टा करत असेल, मग तो शिक्षक का असेना, तर त्याच्याबरोबर करू नका.

गटात केलं की नुसता गोंधळ होतो.

कारण सगळे एकाच वेळी बोलतात. आठ जणांत एका वेळी तिघांनीच हलायचं, अशी अट घाला. चौथा हलू लागला की तिघांपैकी एकाने थांबायचं, आणि कोण थांबणार हे कुणी सांगायचं नाही. पहिल्या फेरीला तिघेही थांबतात किंवा कुणीच थांबत नाही. चार-पाच फेऱ्यांनी लोक एकमेकांकडे न बघता बघायला लागतात. थांबणं हीही हालचाल धरा, बाहेर निघून जाणंही धरा.

लाज वाटते. लोक बघत असतात.

बघणारा एकच ठेवा. मेरी व्हाइटहाउसच्या कामातून वाढलेल्या 'ऑथेंटिक मूव्हमेंट'मध्ये एकजण डोळे मिटून हलतो आणि दुसरा साक्षी म्हणून नुसता बसतो. तो शेरे मारत नाही. हलणारा कशावर आपटणार नाही याचीही काळजी तोच घेतो. पाच मिनिटांनी अदलाबदल. आठवडाभर एकाच माणसाबरोबर केलंत की वर्गापुढे उभं राहणं बरंच सोपं जातं. लाज पूर्ण जाते असं मात्र मी म्हणणार नाही, माझी गेलेली नाही.

माझं तंत्र कच्चं आहे. आधी ते पक्कं करू का?

दोन्ही बरोबर चालू द्या. तंत्र पक्कं होईपर्यंत थांबलेली माणसं मी थांबलेलीच पाहिली आहेत.

दुखापत होईल का?

अंग गरम न करता सुरू केलंत तर होईल. इम्प्रोव्हमध्ये शरीर कुठे जाणार ते आधी माहीत नसतं, म्हणून ठरलेल्या नाचापेक्षा इथे जास्त तयारी लागते. दहा-पंधरा मिनिटं सांधे मोकळे करा, जमिनीवर लोळून घ्या. खाली जाताना गुडघा आपटू नका, नडगीच्या किंवा मांडीच्या बाजूने उतरा. मोजे घालून कॉन्टॅक्ट करू नका, पाय सटकतो.

रोज किती वेळ द्यावा?

वीस मिनिटं. त्यातली पाच उभं राहण्यात, दहा एका अटीवर, पाच वहीत लिहिण्यात. आठवड्यातून एकदा दोन तास घालण्यापेक्षा याचा उपयोग जास्त होतो. वही चुकवू नका, सहा महिन्यांनी रचना तिच्यातूनच निघते.

परीक्षेत दोन मिनिटं इम्प्रोव्ह करायला सांगितलं आहे. तयारी कशी करू?

पाठ करून जाऊ नका. परीक्षकाला दहा सेकंदांत कळतं, डोळे आठवत असतात. दिलेला विषय ऐकला की स्वतःला एक अट घाला. विषय 'पाऊस' असेल तर पाऊस दाखवायला धावू नका. "माझं वजन सतत खाली गळतंय आणि मी ते उचलतेय" अशी अट घ्या. सुरुवातीला तीन सेकंद खरंच स्थिर उभे राहा. पहिल्या अर्ध्या मिनिटात जे काही वेगळं निघेल ते लक्षात ठेवा आणि शेवटाकडे पुन्हा आणा, कारण परत आलेली हालचाल बघणाऱ्याला रचनेसारखी वाटते. आणि शेवट करा. बरेचजण वेळ संपेपर्यंत नाचतात आणि मग हसून ओढणी सारखी करतात. तो त्यांचा शेवट ठरतो.

माझ्या रचनेत एका मैत्रिणीने इम्प्रोव्हमध्ये काढलेली हालचाल वापरली. ती कुणाची?

तिची, आणि रचनेत बसली म्हणून तुमचीही. अट तुम्ही दिलीत, निवड तुम्ही केलीत, पण शरीर तिचं होतं. तालीम सुरू होण्याआधीच विचारून ठेवा की निघालेलं वापरलं तर चालेल का, आणि कार्यक्रमाच्या पत्रिकेवर 'हालचालींची निर्मिती नर्तकांसह' अशी ओळ नावांसकट छापा. मी एका जुन्या रचनेत हे केलं नव्हतं. त्या मुलीने कधी तक्रार केली नाही, पण नंतरच्या तालमींत ती तीन सोप्या हालचालींपलीकडे काही काढेना. मला कारण कळायला वर्ष लागलं.

मध्येच हसू आलं तर?

हसा. फक्त थांबू नका. हसताना पोट हलतं, खांदे हलतात, ते पकडा आणि पुढे जा.